रानडुक्कर, ठासणीची बंदूक आणि आजोबांचा परवाना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय मला एका श्रोत्यानं दिला. आपल्या बोधडीकडचा पोरगा आहे. रात्री सोयाबीन राखायला वावरात जातो, माळ्यावर बसतो आणि झोप येऊ नये म्हणून मोबाईल बघतो. तुम्ही पण तेच करता, मला माहीत आहे. त्याला एक अमेरिकन व्हिडिओ दिसला. टेक्सासमधला एक शेतकरी दुकानात उभा राहून सांगतोय की डुकरं आणि कोयोटी मारायला कमी पैशात चांगली सेमी-ऑटोमॅटिक रायफल कोणती घ्यावी. कोयोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोराड भाऊ समजा. पोरानं मला व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, ही आपल्याकडं कितीला बसंल?"

आधी मला हसू आलं. मग हसू थांबलं, कारण त्याच आठवड्यात माझ्या वडिलांनी मला एक काम सांगितलं होतं. आजोबांच्या बंदुकीचा परवाना वारस म्हणून आपल्या नावावर करायचा का, याची चौकशी करायची. म्हणजे प्रश्न एकच होता. डुकरापासून पीक वाचवायला माणसानं हातात काय घ्यावं?

पोराला सरळ उत्तर आधी देतो. बसत नाही बाबा. कितीलाच बसत नाही. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा घोडा दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची गोळी आपोआप नळीत येऊन बसते. पुन्हा घोडा दाबायचा, पुन्हा गोळी. अशी रायफल भारतात प्रतिबंधित शस्त्रांच्या वर्गात मोडते. जिल्हाधिकारी तिचा परवाना देत नाहीत, त्यासाठी केंद्र सरकारची खास परवानगी लागते. तुमच्या-माझ्यासारख्या शेतकऱ्यासाठी तो दरवाजा बंदच आहे.

पण हा दरवाजा कधी बंद झाला, कोणी केला, आणि बाजूला एक छोटी खिडकी कशी उघडी ठेवली, ही गोष्ट मोठी भारी आहे. आणि ती आपल्या पैनगंगेच्या काठावरूनच सांगता येते.

नदी एक, राज्यं दोन

आज किनवट नांदेड जिल्ह्यात आहे. पण १९५६ च्या आधी किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात. राज्य पुनर्रचना झाली तेव्हा किनवट तालुका आणि इस्लापूरचा भाग इकडं आला. पैनगंगेच्या पलीकडं उमरखेड, ते वऱ्हाडात. वऱ्हाड १८५३ च्या करारानं निजामानं इंग्रजांच्या ताब्यात दिलं. म्हणजे शंभरेक वर्षं ही नदी नुसती नदी नव्हती, दोन राज्यांची शीव होती. अलीकडं निजामाचा कायदा, पलीकडं इंग्रजांचा. डुकरांना मात्र शीव नव्हती. ती पोहून जायची, आजही जातात.

इंग्रजांच्या मुलखात काय झालं ते बघू. १८५७ च्या उठावाआधी हिंदुस्थानच्या गावागावांत तोड्याच्या बंदुका होत्या. तोडा म्हणजे जळती वात. ती दारूला लावायची की बार उडतो. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी शस्त्रं गोळा करायला सुरुवात केली. मग व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय बंदूक ठेवायची नाही. आणि यातली खरी मेख अशी, की युरोपियनांना त्यातून सूट होती. जंगलात हौस म्हणून शिकारीला आलेल्या साहेबाला परवाना नको आणि ज्याची ज्वारी डुकरानं खाल्ली त्याला हवा!

यावर लोक चिडले नसते तरच नवल. काँग्रेसच्या अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून हा कायदा बदला अशी मागणी होत राहिली. १९३१ च्या कराचीच्या ठरावात मूलभूत हक्कांची यादी केली, तिच्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कसुद्धा होता. आज हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

निजामाच्या रानात

आता अलीकडच्या काठावर या. सहावा निजाम महबूब अली खान वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होता. मेलेल्या वाघांसोबतचे त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. राजा दीनदयाळ नावाच्या त्याच्या दरबारी छायाचित्रकारानं शिकारीचे असे फोटो काढले. राजाकडं विलायती रायफली होत्या. आणि त्याच रानात राहणाऱ्या गोंड, कोलाम, आंध लोकांकडं? तीर-कामठा, भाला, फासा. फार तर कोणाकडं एखादी ठासणीची बंदूक.

१९४० साली याच आदिलाबाद जिल्ह्यात, आसिफाबादकडच्या जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम उभा राहिला. भांडण रानाचं होतं. शेती कुठं करायची, ढोरं कुठं चारायची, जंगल कोणाचं. निजामाच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या, भीम आणि त्याचे साथीदार मारले गेले. शस्त्रांच्या दृष्टीनं ही बरोबरीची लढाई नव्हतीच. एका बाजूला सरकारी रायफली होत्या, दुसऱ्या बाजूला गावात जे मिळेल ते.

मग आलं १९४८. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा आपल्या लातूरचाच वकील. रझाकारांची दहशत किती होती ते तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं असेल. पण त्यांच्या हातात काय होतं? काहींकडं आधुनिक बंदुका होत्या, बाकी बहुतेकांकडं ठासणीच्या बंदुका आणि तलवारी. निजामाच्या सैन्यासाठी सिडनी कॉटन नावाचा वैमानिक चोरून विमानानं शस्त्रं आणत होता, ते वेगळं. आणि स्टेट काँग्रेसचे आपले कार्यकर्ते सीमेपलीकडच्या कॅम्पांतून लढत होते. जानेवारी १९४८ मध्ये त्यांनी आपल्या नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक लुटली. लढ्याला पैसा लागत होता, आणि शस्त्रंही पैशाशिवाय येत नव्हती. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आत शिरलं आणि १७ सप्टेंबरला सगळं संपलं.

एवढं सगळं का सांगतोय? कारण बंदूक कोणाच्या हातात असावी या प्रश्नाला आपल्या भागात डुकराच्या आधीपासून एक भीती चिकटलेली आहे. हैदराबाद पडून तीन महिने होत नाहीत तोवर, डिसेंबर १९४८ मध्ये, दिल्लीत घटना समितीत हरि विष्णू कामतांनी सुधारणा मांडली की शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घ्या. त्यांचा आधार कराचीचाच ठराव होता. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कोणीही उठावं, बाजारात जावं आणि हवं ते शस्त्र आणावं असं झालं तर राज्य चालवायचं कसं? सुधारणा फेटाळली गेली.

अमेरिकेच्या राज्यघटनेत हा हक्क आहे. आपल्या राज्यघटनेत नाही. त्या पोरानं पाहिलेल्या व्हिडिओमधला शेतकरी आणि माळ्यावरचा आपला शेतकरी, यांच्यात पैशाआधी हा फरक आहे.

कायद्यातली खिडकी

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. आता नीट लक्ष द्या, कारण आपली खिडकी इथं आहे. या कायद्याच्या १३ व्या कलमात एक ओळ आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी कोणी नागरिक ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागत असेल, तर परवाना अधिकाऱ्यानं तो द्यावा. ठासणीच्या बंदुकीनं भागणार नाही अशी खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे बारा बोअरसारखी, देता येईल. नाकारायची कारणं कायद्यात वेगळी दिली आहेत, पण मूळ भूमिका "द्यावा" अशी आहे.

म्हणजे शेतकऱ्यासाठी स्वस्तातली बंदूक कोणती हा प्रश्न आपल्या कायद्यानं साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच सोडवला. उत्तर होतं ठासणीची.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या आजोबांची मी लहानपणी पाहिलेली आहे. लांब लोखंडी नळी, लाकडी दस्ता. आधी नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची. मग चिंधी. मग लोखंडी गजानं ठासायचं, म्हणून ठासणीची. मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा ठासायचं. मागं एका बारीक नळकांडीवर तांब्याची टोपी बसवायची. घोडा त्या टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार निघतो. एक बार. दुसऱ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. आणि खरिपात राखणीची वेळ म्हणजे पावसाची वेळ. दारू सादळली की नुसतं फुस्स. "फुसका बार" हा शब्द आपण राजकारणात वापरतो ना, तो असा इथून आलाय.

मग रायफल का नाही दिली? यामागं दोन कारणं दिसतात. पहिलं सरकारी. इंग्रजांच्या काळापासून एक नियम होता की सैन्याची गोळी ज्या बंदुकीत बसते ती लोकांना द्यायची नाही. .३०३ ही सैन्याची गोळी होती. म्हणूनच आपल्याकडं नागरिकांसाठी .३१५ बोअरची रायफल निघाली, ती आजही इशापूरची म्हणून ओळखली जाते. प्रत्येक गोळीनंतर हातानं खटका मागं ओढायचा, अशी. चोरलेली सरकारी गोळी तिच्यात चालू नये हा हेतू.

दुसरं कारण मला वावरात उभं राहिल्यावर समजलं. रायफलची गोळी डुकराला लागली नाही तर कुठं जाते? ती किलोमीटरांच्या हिशोबात जाते. टेक्सासच्या त्या माणसामागं मैलभर मोकळं रान असेल. आमच्या वावरापासून चारशे-पाचशे पावलांवर दुसऱ्याचा माळा आहे, त्याच्यावर माणूस आहे, खाली त्याचं कुत्रं आहे, पलीकडं तांडा आहे. रात्रीची वेळ, अंधार, आणि ज्वारी हलली की आत डुक्कर आहे का शेजारी, ते कळत नाही. छर्रे निदान थोड्या अंतरावर दम तोडतात. दाट वस्तीच्या मुलखात रायफल हे राखणीचं हत्यार होऊच शकत नाही.

आजोबांनी आयुष्यात त्या बंदुकीनं किती डुकरं मारली असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "मारायला कशाला लागती? बार ऐकूनच पळतेत. दोन दिवस येत न्हाईत. तिसऱ्या दिवशी येतेत." म्हणजे ती बंदूक खरं तर एक महागडा फटाका होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. डुकरांना आचारसंहिता लागू नसते, ती त्या महिन्यात पण यायची.

१९७२: बंदूक राहिली, डुक्कर गेलं

दुसरी बाजू पण प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. पीक राखणीच्या नावावर घेतलेल्या बंदुकांनी देशभर जंगली जनावरांचा मोठा फडशा पाडला. परवाना ज्वारीसाठी घ्यायचा आणि बार हरणावर काढायचा. काळवीट, चितळ, ससे, मोर, काही सुटलं नाही. वनाधिकारी आणि जुने शिकारीसुद्धा याबद्दल ओरडत होते. म्हणून १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा तो कडक आला, आणि त्याची गरज होती यात मला शंका नाही. तो नसता तर आज टिपेश्वरमध्ये वाघ दिसला नसता.

पण आपल्या शेतकऱ्याचं काय झालं बघा. रानडुक्कर आणि रोही दोघंही संरक्षित झाले. पिकाचं नुकसान करणारं डुक्कर मारायला वन खात्याची लेखी परवानगी लागते. कायद्याच्या ११ व्या कलमात तशी सोय आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतरही आहे. पण अर्ज कधी करायचा, पंचनामा कधी व्हायचा, परवानगी कधी यायची? तोवर डुकरं हरभऱ्यावरून मक्यावर गेलेली असतात. आणखी एक गंमत, ३४ वं कलम. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वन्यजीव विभागाकडं नोंद करायची, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती घ्यायची. आपल्याकडं पैनगंगा अभयारण्य आहे. म्हणजे डुकरांचा त्रास जिथं सगळ्यात जास्त, तिथंच परवाना सगळ्यात अवघड.

१९५९ च्या कायद्यानं शेतकऱ्याच्या हातात बंदूक दिली. १९७२ च्या कायद्यानं तिच्यासमोरचं डुक्कर काढून घेतलं. दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर असतील. पण दोन्हींच्या मधे जे उरलं ते शेतकऱ्याचं जागरण. पूर्वी गावाला जागल्या होता, आता प्रत्येकजण आपापल्या वावराचा जागल्या झालाय.

मग अमेरिकेत तरी डुकरं संपली का?

आता त्या व्हिडिओकडं परत येऊ. अमेरिकेत रानडुक्कर मूळचं नाहीच. १५३९ साली हर्नांडो दे सोटो नावाचा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात उतरला, तेव्हा त्यानं सैन्याच्या खाण्यासाठी डुकरं सोबत आणली. काही पळाली, रानटी झाली. नंतर विसाव्या शतकात हौशी शिकाऱ्यांनी युरोपातून रानडुकरं आणून सोडली. दोन्ही मिसळली. आज अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अंदाजानं तिथं ६० लाखांहून जास्त रानटी डुकरं आहेत. शिकारीची हौस भागवायला आणलेलं जनावर शेतकऱ्याच्या डोक्यावर बसलं.

रायफलींचं म्हणाल तर नागरिकांना सेमी-ऑटोमॅटिक शिकारी रायफली तिथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मिळतात. एआर-१५ ही १९५० च्या दशकातली रचना, १९६४ पासून ती लोकांना विकली जाऊ लागली. टेक्सासनं २०११ साली कायदा करून हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायला परवानगी दिली. हेलिकॉप्टरमधून! एवढं करून डुकरं संपली असतील असं वाटतं ना? नाही संपली.

उलट २०१६ मध्ये मिझुरी राज्याच्या वन्यजीव खात्यानं आपल्या जमिनींवर रानडुकरांची शिकारच बंद केली. कारण विचार करण्यासारखं आहे. डुकरं कळपानं राहतात. शिकाऱ्यानं गोळी झाडली की एखाद-दुसरं मरतं, बाकीची दहा दिशांना फुटतात आणि नव्या वावरांत जातात. आणि लवकर हुशार होतात. त्यापेक्षा मोठा पिंजरा लावून आख्खा कळप एकदम धरला तर उपयोग होतो.

कोयोटीची गोष्ट तर त्याहून उलटी. अमेरिकेनं आधी लांडगे मारून संपवले. लांडगा गेला तशी कोयोटीला जागा मोकळी झाली. शंभर वर्षांहून जास्त काळ गोळ्या, सापळे, विष सगळं करूनही ती आज जवळजवळ सगळ्या देशात पसरली आहे. आपल्या माळरानावरचा लांडगा आठवा. डुकराची पिल्लं उचलणारं जनावर कमी झालं, आणि डुकरीण एका वेळी चार-सहा पिल्लं देते. वर आपण सोयाबीन, मका, हरभरा, ऊस असं बारमाही ताट वाढून ठेवलंय. हिशोब तुम्हीच करा.

बंदुकीचा सगळ्यात मोठा फुसका बार ऑस्ट्रेलियात झाला. १९३२ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात एमू पक्ष्यांनी गव्हाची नासाडी केली म्हणून सरकारनं चक्क सैन्य पाठवलं. दोन लुईस मशिनगन आणि दहा हजार गोळ्या. एमू पांगले, पळाले, आणि सैन्य माघारी आलं. पुढं उपयोगी पडलं ते कुंपण.

आपल्या देशातही हे प्रयोग झाले. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर ठराविक काळासाठी उपद्रवी घोषित केले. जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादहून आलेल्या शिकाऱ्यांनी दोनशेहून जास्त रोही मारले. दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांमध्ये, मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर यांच्यात, जाहीर वाद झाला. २०२२ मध्ये केरळनं वेगळी वाट धरली. डुक्कर मारायची परवानगी देण्याचा अधिकार थेट पंचायतीच्या अध्यक्षांना दिला. म्हणजे अर्जाचा रस्ता कमी केला. बंदूक कोणती यापेक्षा निर्णय कुठं होतो, गावात का राजधानीत, हा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

ज्याला परवाना लागत नाही

आता मी ज्यासाठी हा भाग केला ते सांगतो.

बंदूक मिळत नाही, परवानगी वेळेत येत नाही, भरपाई मिळाली तर उशिरा. मग माणूस काय करतो? साड्या बांधतो, डबे वाजवतो, सुतळी बॉम्ब लावतो, पाइपात कार्बाइड घालून बार काढतो आणि डोळे गमावून बसतो. आणि शेवटी तार लावतो. खांबावरून आकडा टाकून थेट करंट सोडलेली तार. या हत्याराला परवाना लागत नाही. ते स्वस्त आहे, आवाज करत नाही, रात्रभर जागं राहतं. म्हणूनच ते सगळ्यात वाईट.

आमच्या बाजूच्या शिवारात तीन वर्षांपूर्वी एक माणूस त्या तारेला चिकटून गेला. तार दुसऱ्याची नव्हती. त्याचीच होती. पहाटे बटण बंद केलंय असं समजून तो बांधावर आला. मी त्याच्या घरी गेलो होतो. त्याची बायको एवढंच म्हणत होती की सोयाबीन चांगलं आलं होतं. कुंपणच शेत खातं ही म्हण आपण शाळेत शिकलो. त्या दिवशी कुंपणानं माणूस खाल्ला. दुसऱ्या कोणाचा जीव गेला असता तर तोच माणूस सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात आत गेला असता.

इथं एक फरक समजून घ्या, कारण बरेच जण गल्लत करतात. बाजारात मिळणारं सोलरचं झटका मशीन आणि थेट लाईनची तार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटका मशीनमध्ये दाब जास्त असला तरी करंट क्षणाच्या हजाराव्या भागांपुरताच येतो, साधारण सेकंदाला एकदा. जनावराला चटका बसतो आणि ते मागं सरकतं. थेट लाईनमध्ये करंट थांबतच नाही, स्नायू आखडतात, हात सुटत नाही. पहिलं घाबरवतं, दुसरं मारतं. सौर कुंपणाला अनुदान देणारी राज्य सरकारची योजनाही आहे, श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना. आपलं गाव तिच्यात बसतं का, ते वन परिक्षेत्र कार्यालयात विचारा. नुकसान झालं की लगेच फोटो काढा आणि अर्ज द्या, वेळ लावू नका. वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक मोबाईलमध्ये ठेवा. या गोष्टींनी सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. पण यांनी कोणी मरत नाही.

आजोबांच्या परवान्याचं काय केलं, ते सांगायचं राहिलं. आजोबा गेल्यापासून बंदूक ठाण्यात जमा आहे. वारसाला परवाना मागता येतो. मी फॉर्म काढून आणला, वडिलांसमोर ठेवला आणि हे सगळं, तुम्हाला सांगितलं तसंच, त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "बंदूक डुकरासाठी नव्हती रे. माळ्यावर एकट्या माणसाला रात्री भ्या वाटतं, त्याच्यासाठी होती."

याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. कायद्याची कलमं मी पाठ केली होती, हे कुठल्याच कलमात नव्हतं.

फॉर्म आम्ही भरला नाही. शेजारच्या दोन घरांना सोबत घेऊन तिघांच्या वावराभोवती मिळून एक झटका मशीन बसवलं आणि राखणीच्या पाळ्या लावल्या. आता तीन रात्रींतून एकच रात्र जागायची. डुकरं कमी झाली, संपली नाहीत. माझ्या पाळीच्या रात्री मी माळ्यावर बसतो, आणि खरं सांगू, हा भाग मी तिथंच बसून लिहिलाय.

तर बोधडीच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं लांबलचक झालं. रायफलची किंमत काढत बसू नकोस. शेजारच्या माळ्यावर कोण बसतंय ते बघ, त्याच्याशी बोल. आणि तुमच्या गावात कोणी थेट लाईनची तार लावत असेल तर हा भाग त्याला पाठवा. राग येईल त्याला, येऊ द्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर सांभाळून राहा.